पहिली खबर अपुरीच असते

पुराच्या दिवसांत नृसिंहवाडीच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. राधानगरीचा स्वयंचलित दरवाजा उघडला की कोल्हापुरातला कुणी पाहुणा फोन करतो. कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीकडून निरोप येतो. फोन करणाऱ्याला पाणी नेमकं किती चढेल, कधी चढेल, हे ठाऊक नसतं. तरी तो फोन करतो. त्या अर्धवट निरोपावर गल्लीतली माणसं जनावरं हलवतात, दुकानातला माल माळ्यावर चढवतात, देवस्थानात उत्सवमूर्ती वरच्या जागी नेण्याची तयारी सुरू होते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या गावाला वरच्या गावांनी वेळेत कळवायचं असतं, ही रीत इथे कुणाला शिकवावी लागत नाही.

समुद्रावर हीच रीत आंतरराष्ट्रीय करारांत कलमवार लिहून ठेवलेली आहे. शिरोळ, हातकणंगले, मिरज भागातल्या घरांतून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि बंदरावरून येणाऱ्या मालाशी इथे काम पडणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विषय जरा दूरचा वाटेल: अणुइंधन, किरणोत्सारी पदार्थ किंवा तसाच घातक माल नेणाऱ्या जहाजाला अपघात झाला, तर खबर कुणी, कुणाला, काय आणि कधी द्यायची. असे अपघात क्वचित होतात. म्हणूनच त्यांची तालीम हाताला नसते, आणि नेमकी पहिली पंधरा-वीस मिनिटं गोंधळात जातात.

आधी दोन जहाजांची हकीकत सांगतो, कारण पुढचे सगळे नियम त्यांतून नीट कळतात.

२५ ऑगस्ट १९८४ रोजी बेल्जियमच्या ओस्टेंडजवळ ‘मों लुई’ नावाचं फ्रेंच मालवाहू जहाज ‘ओलाऊ ब्रिटानिया’ या प्रवासी फेरीबोटीला धडकलं आणि उथळ पाण्यात बुडालं. त्यावर युरेनियम हेक्साफ्लोराइडचे ३० मोठे सिलिंडर होते. ते तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदराकडे निघाले होते. माणसं वाचली. पण पोटात काय माल आहे, हे जगाला प्रथम ग्रीनपीस या संस्थेकडून कळलं. मालवाल्यांनी, जहाजवाल्यांनी ते आपणहून आणि लगेच सांगायला हवं होतं. सिलिंडर पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सगळेच्या सगळे वर काढले गेले. मोठी हानी टळली, तरी किनाऱ्यावरच्या लोकांचा विश्वास मात्र पहिल्या दिवशीच गेला होता.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. युरेनियम हेक्साफ्लोराइडचा तातडीचा धोका किरणोत्साराचा कमी आणि रसायनाचा जास्त असतो. पाणी किंवा दमट हवा लागली की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते डोळे, त्वचा, फुफ्फुसं जाळतं. खबर देणाऱ्याने नुसतं ‘किरणोत्सारी माल आहे’ एवढंच सांगितलं, तर मदतीला येणारा किरणोत्सार मोजायचं यंत्र घेऊन येईल आणि ॲसिडपासून वाचवणारा मास्क मागे ठेवून येईल. मालाचं नेमकं नाव सांगणं त्यासाठी लागतं.

दुसरी हकीकत आपल्या दारातली. ७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ न्हावा शेव्याहून बाहेर निघाली होती. ती कलंडली, तिच्यावरचे सुमारे १२०० कंटेनर घसरू लागले आणि कित्येक समुद्रात पडले. शेकडो टन तेल सांडलं. खलाशी वाचवले गेले, पण तरंगणाऱ्या आणि बुडालेल्या कंटेनरांमुळे जहाजांचा मार्गच बंद झाला आणि मुंबई व न्हावा शेवा या दोन्ही बंदरांचं काम काही दिवस ठप्प झालं. कंटेनरांपैकी ३१ मध्ये घातक रसायनं असल्याचं पुढे आलं. त्यांत कीटकनाशकं होती, ॲल्युमिनियम फॉस्फाइडही होतं. धान्याच्या कोठीत टाकायच्या गोळ्यांचाच हा पदार्थ. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि शेतकऱ्याच्या घरात त्याने काय होतं हे कोल्हापूर-सांगलीत कुणाला सांगायला नको. तो कंटेनर किनाऱ्याला लागला आणि कुतूहलाने कुणी उघडला, तर? म्हणून कोणत्या कंटेनरात काय आहे, ही यादी अपघातानंतर पहिल्या तासात किनाऱ्यावर पोचणं महत्त्वाचं.

आता कायद्याकडे वळू. घातक पदार्थांच्या खबरेविषयीचा नियम समुद्राचं प्रदूषण रोखण्याच्या मार्पोल कराराच्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये आहे. धोकादायक मालासाठी समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या सोलास कराराच्या सातव्या प्रकरणातही जवळपास तोच आहे. त्याचा सारांश असा: जहाजाच्या मास्टरने, म्हणजे कॅप्टनने, घटनेचा तपशील विलंब न लावता आणि शक्य तेवढा पुरा, सर्वांत वेगवान संपर्कसाधनाने, सर्वोच्च प्राधान्य देऊन, जवळच्या किनारी देशाला कळवायचा. जहाज सोडून द्यावं लागलं किंवा कॅप्टनकडून खबर आलीच नाही, तर ती जबाबदारी मालक, चालक कंपनी किंवा एजंट यांच्यावर येते. आणि याच प्रोटोकॉलमध्ये पुढे म्हटलं आहे की पहिल्या खबरेनंतर गरजेप्रमाणे पूरक खबर द्यावी.

ही शेवटची तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते. कायदा लिहिणाऱ्यांनीच गृहीत धरलं आहे की पहिली खबर अपुरी असणार. ती अपुरी आहे म्हणून थांबवून ठेवणं हाच दोष. ‘किती पॅकेज फुटली ते मोजून येतो, मग कळवू’ असं म्हणणारा अधिकारी शहाणपणाने वागतोय असं वाटतं, पण त्या वेळात वारा फिरतो, जवळून दुसरं जहाज जातं, मासेमारीची बोट मदतीला म्हणून थेट धुरात शिरते. आधी कळवा, मोजणी नंतर. नंतर आकडा बदलला तर बदलू द्या. दुरुस्तीची सोय आहे, वाया गेलेल्या वेळेची नाही.

अणुमालासाठी याहून कडक नियम आहेत. वापरलेलं अणुइंधन, प्लुटोनियम आणि अतिकिरणोत्सारी कचरा पॅकेजमध्ये भरून नेणाऱ्या जहाजांना आयएनएफ कोड लागू होतो. तो १ जानेवारी २००१ पासून बंधनकारक आहे. किरणोत्साराच्या एकूण मात्रेप्रमाणे जहाजांचे तीन वर्ग पडतात. पहिल्याची मर्यादा ४००० टेराबेकरेल, तिसऱ्याला मर्यादाच नाही, आणि जितका वर्ग वरचा तितकी बांधणी, आग विझवण्याची सोय, मालाला थंड ठेवण्याची व्यवस्था कडक. या जहाजांवर आणीबाणीचा लेखी आराखडा असावाच लागतो आणि त्यात खबर देण्याची पद्धत, कुणाकुणाला कळवायचं त्यांची यादी असते. या कोडची खास गोष्ट अशी की माल सांडण्याची वाट पाहायची नसते. माल समुद्रात पडण्याची नुसती शक्यता असेल, किंवा जहाजाचं इंजिन, सुकाणू, वीज यांत असा बिघाड झाला असेल की सुरक्षिततेवर परिणाम होईल, तरी खबर द्यायची. सुकाणू अडकलं आणि पॅकेजला ओरखडाही नाही, तरीसुद्धा.

पण आपल्या भागातली मुलं बहुधा साध्या कंटेनर जहाजांवर किंवा बल्क कॅरिअरवर असतात. तिथे किरणोत्सारी माल इतर मालासोबत एखाद्या कोपऱ्यात असतो आणि अनेकांना तो असल्याचं माहीतही नसतं. रुग्णालयासाठीचा कोबाल्ट-६०, वेल्डिंग तपासायचा इरिडियम-१९२, अणुभट्टीसाठीचं युरेनियम हे सगळं आंतरराष्ट्रीय धोकादायक माल संहितेत, म्हणजे आयएमडीजी कोडमध्ये, वर्ग ७ म्हणून येतं. म्हणून जहाजावर चढल्यावर पहिल्याच आठवड्यात एक काम करा. चीफ ऑफिसरकडे धोकादायक मालाची यादी आणि तो कुठे लावला आहे त्याचा नकाशा पाहायला मागा. तुम्ही कॅडेट असाल, ओएस म्हणजे साधे खलाशी असाल, तरी मागा. नकार मिळणार नाही. उलट शिकायची इच्छा दिसेल. वर्ग ७ चा माल असेल तर कागदावर हे सापडेल: यूएन नंबर, मालाचं अधिकृत नाव, किरणोत्सारी द्रव्याचं चिन्ह, मात्रा बेकरेलमध्ये, लेबलचा प्रकार आणि ट्रान्सपोर्ट इंडेक्स.

लेबल तीन प्रकारची. पांढऱ्यावर एक लाल रेघ, पिवळ्या-पांढऱ्यावर दोन, पिवळ्या-पांढऱ्यावर तीन. तीन रेघांचं पॅकेज म्हणजे पृष्ठभागावर ताशी २ मिलिसीव्हर्टपर्यंत मात्रा असू शकते. त्याच्या अंगाला टेकून विडी ओढत बसायचं नसतं, एवढं त्यातून समजावं. पण घाबरून जाण्याचंही कारण नाही. जास्त मात्रेसाठी वापरल्या जाणाऱ्या बी प्रकारच्या पॅकेजची परीक्षा कठोर असते: ९ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर आपटणं, मग १ मीटरवरून पोलादी गजावर पाडणं, ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटं ठेवणं, पाण्यात बुडवणं. म्हणजे जहाज बुडालं की किरणोत्सार लगेच पसरला, असा अर्थ होत नाही. खबरेत ‘पॅकेज बी(यू), शाबूत दिसतं’ असे शब्द आले तर किनाऱ्यावरच्या तज्ज्ञाचा अर्धा ताण उतरतो.

आता खबर कशी द्यायची. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९७ च्या ठरावाने, ए.८५१(२०) हा त्याचा क्रमांक, धोकादायक मालाच्या अपघाताची खबर देण्याचा ठरावीक साचा घालून दिला आहे. प्रत्येक माहितीला इंग्रजी अक्षर आहे आणि ती त्याच क्रमाने दिली की ऐकणाऱ्याला जागा शोधावी लागत नाही. जहाजाचं नाव, कॉलसाइन आणि झेंडा. तारीख आणि वेळ. अक्षांश-रेखांश. कोणत्या रेडिओ केंद्राच्या संपर्कात आहात. जहाजाचं नुकसान. मालाचा तपशील. हवामान आणि समुद्राची स्थिती. मालक किंवा एजंट. जहाजाचा आकार आणि प्रकार. शेवटी इतर माहिती.

यांत मालाचा तपशील हा गाभा. त्यात अधिकृत नाव, यूएन नंबर, धोक्याचा वर्ग, पाठवणारा, पॅकेजचा प्रकार, अंदाजे किती आणि कोणत्या अवस्थेत, पडलेला माल तरंगतोय की बुडाला, गळती अजून चालू आहे का आणि कारण काय, हे यायला हवं. यूएन नंबर म्हणजे चार आकड्यांची ओळख. २९७८ म्हटलं की अविखंडनीय युरेनियम हेक्साफ्लोराइड. २९१६ म्हटलं की बी(यू) प्रकारचं पॅकेज. भाषा कुठलीही असो, रेडिओवर आवाज तुटत असो, चार आकडे पोचले तरी पुढचं काम सुरू होतं.

समजा तुम्ही पुलावर, म्हणजे ब्रिजवर, ड्यूटीला आहात आणि टक्कर झाली. कॅप्टन जखमी आहे. संदेश असा जाईल: जहाज अमुक, कॉलसाइन अमुक. ७ तारीख, ०४२० यूटीसी. अक्षांश १८ अंश ५० मिनिटं उत्तर, रेखांश ७२ अंश ४५ मिनिटं पूर्व. मालवाहू जहाजाशी टक्कर, पहिल्या होल्डमध्ये पाणी. वर्ग ७, यूएन २९१६, दोन पॅकेज, होल्ड क्रमांक दोनमध्ये, बाहेरून शाबूत, त्या होल्डमध्ये पाणी नाही. आग नाही. एकूण माणसं २२, सगळी जागेवर, एक जखमी. वारा नैऋत्येचा, समुद्र खवळलेला. टग हवा, डॉक्टर हवा. पुढची खबर १५ मिनिटांनी.

बस्स. हा संदेश एका मिनिटात बोलून होतो. जिथे माहिती नाही तिथे ‘अद्याप माहीत नाही’ असंच म्हणा; अंदाज करून आकडा देऊ नका. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, सांगा आणि तसं म्हणा. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असते आणि हे न सांगितल्यामुळे शोध चुकीच्या वेळेच्या प्रवाहावर आधारला जातो. आणि पुढची खबर कधी देणार ते सांगून ठेवा. ती न आली तर किनाऱ्यावर कुणीतरी जागं होईल.

माणसांचा आकडा मी मुद्दाम घातला. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली. त्यात गेलेल्या बायका, लेकरं कृष्णाकाठच्या माणसाच्या मनातून जात नाहीत. नदीत असो वा समुद्रात, बचावाला आलेल्याचा पहिला प्रश्न एकच असतो: किती जण होते? या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असेल तर शोध कधी थांबवायचा हे ठरवता येतं. वाडीच्या घाटावर नावेत बसतानाही डोकी मोजायची सवय असायला हवी, आणि नावाड्याने मोजली नाहीत तर आपण मोजावीत.

कुणाला कळवायचं? जीव धोक्यात असेल तर व्हीएचएफ चॅनल १६ वर मेडे, आणि सोबत डिजिटल कॉलिंगचं चॅनल ७०. जीव लगेच धोक्यात नाही पण परिस्थिती बिघडतेय, तर पॅन पॅन. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ असाल तर तटरक्षक दलाचं मुंबईचं सागरी बचाव समन्वय केंद्र. जमिनीवरून किंवा मोबाइलच्या टप्प्यातून तटरक्षक दलाचा टोल फ्री क्रमांक १५५४, किनारी पोलिसांचा १०९३. हे दोन क्रमांक मच्छीमार बांधवांनी फोनमध्ये आधीच ठेवावेत. आपल्यासाठी ते रत्नागिरी-मालवणला फिरायला गेल्यावर उपयोगाचे. बंदराच्या हद्दीत असाल तर बंदर नियंत्रण कक्ष. झेंड्याचा देश आणि मुंबईचं नौवहन महासंचालनालय यांना कळवण्याचं काम कंपनीने करायचं असतं, पण भारतीय खलाशी असलेल्या जहाजाबाबत ते झालंय ना, हे एजंटाकडून खात्री करून घ्यावं. किरणोत्सारी माल असेल तर भारतात पुढची सूत्रं अणुऊर्जा विभागाच्या क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुपकडे आणि अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जातात. दोन्ही मुंबईत आहेत. त्यांना जहाजावरून वेगळा फोन करत बसू नका. पण संदेशात ‘वर्ग ७’ हे शब्द स्पष्ट उच्चारा, म्हणजे तटरक्षक दल तो तिकडे वळवेल.

कंपनीमध्ये डेझिग्नेटेड पर्सन अशोर नावाचा एक अधिकारी असतो. जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाच्या आयएसएम कोडप्रमाणे तो असावाच लागतो आणि त्याचं नाव व फोन जहाजावर लावलेलं असतं. सुरक्षेची गोष्ट दडपली जातेय असं वाटलं, तर अगदी शिकाऊ खलाशीही त्याला थेट फोन करू शकतो. मार्पोलमध्ये ‘मास्टर किंवा जहाजाचा ताबा असलेली व्यक्ती’ असे शब्द आहेत. तुमच्या वरचे सगळे जायबंदी झाले असतील, तर ती व्यक्ती तुम्हीच. वरिष्ठाच्या परवानगीची वाट पाहत चॅनल १६ कडे बघत बसू नये, हे आपल्याकडच्या आज्ञाधारक मुलांना मला विशेष सांगावंसं वाटतं.

देशांनीही हाच धडा महागात शिकला. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिल झालं. पश्चिम युरोपाला ते २८ तारखेला कळलं, तेही स्वीडनच्या फोर्समार्क अणुकेंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सार सापडला म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अणुअपघाताची लवकर सूचना देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यात अणुइंधन व किरणोत्सारी कचऱ्याची वाहतूकही येते. भारत या कराराचा सदस्य आहे. जहाजावरच्या माणसाने वेळेत सांगितलं तरच देशाला शेजाऱ्यांना वेळेत सांगता येतं.

उलट उदाहरणही आहे. १ मे २०१३ रोजी हांबुर्ग बंदरात ‘अटलांटिक कार्टियर’ या जहाजाला आग लागली. त्यावर सुमारे ९ टन युरेनियम हेक्साफ्लोराइड होतं. कोणता कंटेनर कुठे आहे याची माहिती हाती असल्यामुळे अग्निशामक दलाने धोकादायक मालाचे कंटेनर आधी उतरवून बाजूला नेले. शहरातल्या लोकांना मात्र हे काही दिवसांनी कळलं आणि त्यावरून तिथे मोठा वाद झाला. तो रास्तच होता.

२०२५ मधल्या दोन घटनांनी हे सगळं आपल्या किनाऱ्यावर आणलं. २५ मे २०२५ रोजी केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं. त्याच्यावर ६४० कंटेनर होते, त्यांतल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. आंबे-केळी पिकवायला चोरून वापरतात तेच कार्बाइड. पाण्याशी भेट झाली की त्यातून ज्वालाग्राही ॲसिटिलीन निघतो. केरळच्या प्रशासनाने लगेच जाहीर केलं: किनाऱ्याला कंटेनर लागला तर हात लावू नका, २०० मीटर लांब राहा, ११२ ला फोन करा. साधी, स्पष्ट, वेळेत दिलेली सूचना. पंधरा दिवसांत, ९ जूनला, कोलंबोहून न्हावा शेव्याला निघालेल्या ‘वान हाय ५०३’ वर स्फोट होऊन आग लागली. २२ पैकी १८ जण वाचवले गेले, चौघे बेपत्ता झाले. आता १ जानेवारी २०२६ पासून सोलास कराराने समुद्रात पडलेल्या कंटेनरची खबर देणं बंधनकारक केलं आहे. ज्याच्या जहाजावरून पडला त्यालाही, आणि दुसऱ्याचा तरंगताना दिसला तर पाहणाऱ्यालाही.

खबर देऊन झाली की जहाजावर काय करायचं, याविषयी थोडक्यात. नुकसान झालेल्या पॅकेजला हात लावायचा नाही. गरज नसलेली माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्यायची. आगीत असलेलं पॅकेज लांबून पाण्याने थंड करायचं आणि आत जाणाऱ्याची वेळ मोजायची, शक्य तितकी कमी. जो आत गेला त्याचे कपडे वेगळ्या पिशवीत, हात-तोंड धुऊन, आणि तोवर खाणं-पिणं-विडी बंद. बाकी आयएमडीजी संहितेसोबत येणाऱ्या ईएमएस मार्गदर्शिकेत वर्ग ७ साठी एफ-आय आणि एस-एस ही दोन पानं आहेत. आज रात्री वाचून ठेवा.

आता जमिनीकडे, कारण समुद्रातला माल शेवटी आपल्याच रस्त्यांवरून आणि आपल्याच फाउंड्र्यांत येतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत भंगार वितळवलं जातं. भंगारात किरणोत्सारी तुकडा मिसळून येणं ही काल्पनिक भीती नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडलं, आणि त्याचं पोलाद महाराष्ट्रातल्या एका फाउंड्रीतून गेलेलं होतं. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चे तुकडे उघडे पडले, एक माणूस दगावला, बाकीचे भाजले. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीच्या जेनोवा बंदरात तांब्याच्या भंगाराचा कंटेनर आला आणि आत कोबाल्ट-६० निघालं. तो हाताळायला बंदराला वर्ष लागलं. त्या जहाजावरच्या खलाशांना आपण काय घेऊन आलोय याची कल्पनाही नव्हती.

तेव्हा भंगार निवडणाऱ्या, ट्रक चालवणाऱ्या, मिरजेच्या रुग्णालयांसाठी किंवा बॉयलर-पाइपलाइनच्या तपासणीसाठी सामान वाहणाऱ्या कुणालाही हे लागू पडतं. पिवळ्यावर काळं तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं, किंवा लहान आकाराच्या मानाने भलताच जड, शिशासारखा डबा सापडला, तर उघडू नका, कापू नका, घरी नेऊ नका. अपघात झालेल्या गाडीवर असं चिन्ह असेल तर जखमीला बाहेर काढायला थांबू नका, जीव आधी. पण बाकी गर्दी ३० मीटर मागे, काही सांडलं असेल तर १०० मीटर, आग किंवा स्फोट असेल तर ३०० मीटर. फोन ११२ ला, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला. सांगायचं तेच: जागा, वेळ, किती माणसं, गाडीच्या पाटीवरचे चार आकडे, लेबलवरच्या रेघा, धूर आहे का, वारा कुठला. फोटो काढायचाच असेल तर लांबून, आणि तो आधी पोलिसांना. गावच्या ग्रुपवर नको. ‘अणुबॉम्ब सापडला’ अशा एका मेसेजने लोक धावत सुटतात किंवा धावत बघायला येतात. दोन्ही वाईट.

घरच्यांसाठी एक काम. बातमी बहुधा टीव्हीवरून कळते आणि मग कुणाला फोन करायचा हेच सुचत नाही. म्हणून मुलगा किंवा मुलगी जहाजावर निघण्यापूर्वी एका कागदावर हे लिहून घ्या: जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, झेंडा, कंपनीचा २४ तासांचा फोन, भरती करणाऱ्या परवानाधारक एजन्सीचं नाव व परवाना क्रमांक, मुलाचा सीडीसी (खलाशी पुस्तिका) आणि इंडॉस (खलाशी नोंदणी) नंबर, त्याचं जहाजावरचं पद. अपघाताची बातमी आली तर आधी एजन्सीला, मग कंपनीला फोन करा आणि जहाज आयएमओ नंबरवरून ओळखा, कारण एकाच नावाची दोन जहाजं असतात. त्याच्या मोबाइलवर सारखे फोन करू नका. तो त्या वेळी कामात असेल किंवा बोटीत असेल. घरात दोनच माणसांनी फोन घ्यायचे आणि बाकीच्या पाहुण्यांना सांगायचे, हे आधी ठरवून ठेवा. कागदाची एक प्रत शेजाऱ्याकडे असू द्या, कारण पुराच्या दिवसांत तुम्ही घरी असालच असं नाही. आणि दर करारावेळी तो नव्याने लिहा. जहाज बदललं की आयएमओ नंबरही बदलतो.